दादाच्या मापाची हवा

८ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पार्सल आधी पोचलं असेल तर घाबरू नकोस. खोक्यात माझं झोपेचं मशीन आहे, नळी आहे, मास्क आहे. भोवती गुंडाळलेला निळा स्वेटर मेहुण्यांना. मला तो आता पोत्यासारखा होतो. होय, चौतीस किलो उतरलो. जेवण निम्मं केलं, जिने चढलो, रोज कामावर चालत गेलो. कारखान्यातली माणसं ओळखून न ओळखल्यासारखं करतात. मालक म्हणाले, मास्तर, तुम्ही निम्मेच आलात, उरलेले कुठे ठेवले?

फोन करणार होतो. पण फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, हे बाबा गेल्यापासून सिद्ध झालेलं आहे. म्हणून आपलं ठरलेलं पत्रच बरं.

पाच वर्षं हे धूड नाकाला बांधून झोपलो. झोपेत माझा श्वास अडकतो म्हणून ते हवा आत लोटणार, आणि सकाळी माझ्या गालावर पट्ट्यांचे वळ. पाणी प्यायला उठायचं तर नळी सोडवण्यात झोप उडायची. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरू दे, मग बघू. ते 'मग बघू' उशाशी ठेवून मी इतकी वर्षं झोपलो बघ. वजन उतरायला लागलं तसा मास्क बसेना. गालच राहिले नाहीत, तो टेकणार कशाला? फटीतून हवा शिट्टी घालायची आणि तुझी वहिनी दचकून उठायची. मी कटिंग मास्तर. माप बदललं की आत घ्यायचं, एवढं मला कळतं. पट्टे उसवले, दोन बोटं आत घेतले, टीप मारली. पुढच्या महिन्यात पुन्हा आत घेतले. शेवटी नाकाच्या दांडीवर जखम झाली. पोटात हवा जाऊन गुडगुडायचं ते वेगळंच. मग आठवडाभर मशीन बंद ठेवून पाहिलं. वहिनी म्हणाली, अहो, आवाजच नाही तुमचा. संपलं. सुटलो.

आता तुझं. मागच्या खेपेला आलीस तेव्हा मधली भिंत असूनही तुझं घोरणं आमच्या खोलीत ऐकू येत होतं. मेहुणे सांगत होते की ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली तूच डुलक्या घेतेस. आपल्या घरात एकाची वस्तू दुसऱ्याला होते. माझी दप्तरं तू वापरलीस, पुढे कागद कोंबून माझे बूट वापरलेस, माझा चष्मासुद्धा दोन वर्षं लावलास. तेव्हा हेही वापर. पट्टे तुझ्या मापाने अंदाजे सैल करून दिलेत. आणि परत वगैरे पाठवू नकोस. दिलेली वस्तू परत मागायची नाही, हा आईचा नियम मी मोडणार नाही.

बाकी ठीक. थकवा असतो, पण तो वयाचा.
कळावे. लोभ माझ्यासारखा रोडावू देऊ नकोस.
तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. टपालवाल्याने विचारलं, ताई, यात काय? मी म्हटलं, आमच्या दादाचा श्वास. तो बिचारा सही न घेताच गेला.

स्वेटर यांना अंगभर झाला. तो घालून हे घरभर मिरवतात आणि तुझी नक्कल करतात, म्हणजे कमरेवर हात ठेवून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. मशीन मी त्याच दिवशी लावलं. दादा, खरं सांगू? धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं वाटतं. तोंड उघडलं की वारं तोंडातून बाहेर. सकाळी पोट नगाऱ्यासारखं. पण तू पाच वर्षं काढलीस, मला आठ दिवसांत कंटाळून कसं चालेल? होईल सवय. तुझ्या बुटांचीही झाली होती.

तुझ्या बारीक होण्याचं मला किती बरं वाटलं हे पत्रात कसं सांगू? तू जिने चढतोस हे वाचून मी एकटीच हसत बसले. आई असती तर म्हणाली असती, पोराला खायला घालत नाही की काय सून!

एकच विचारते, चिडू नकोस. मशीन बंद कर असं डॉक्टर म्हणाले ना? तुझ्या पत्रात वहिनी काय म्हणाली ते आहे, मालक काय म्हणाले ते आहे, डॉक्टर काय म्हणाले ते कुठेच नाही. पाच पानांचं पुस्तक असलं तरी कुठलं पान गळलंय हे मला लगेच दिसतं. ग्रंथालयात त्याचाच तर पगार घेते मी.

वहिनीला नमस्कार.
लोभ असू दे, आणि उत्तरही असू दे.
तुझी
छोटी


११ मार्च

चि. छोटीस,
अ. आ. वि. वि.

तू लहानपणीही अशीच होतीस. मिठाई द्यावी तर आधी विचारायचीस, कुणी दिली, का दिली, आणि दादाने किती खाल्ली.

डॉक्टर काय, बोलावतच असतात. पुन्हा झोपेची तपासणी करू म्हणतात. अंगभर तारा चिकटवून परक्या पलंगावर झोपायचं आणि झोप कशी लागली ते त्यांनी सांगायचं. जाईन सवडीने. सध्या शाळांच्या गणवेशाची गर्दी आहे. एकावर एक कापडाचे थर लावून कटर चालवायचा, दिवसभर तेच. परवा एका अख्ख्या थरातून बाह्या कापल्या, त्या सगळ्या डाव्याच निघाल्या. उजवी एकही नाही. उजेड कमी होता. मालक काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तुझं पोट फुगत असेल तर पट्टा एक बोट सैल कर. वारं जास्त वाटत असेल तर उशी उंच घे. वस्तू चांगली आहे, अंगाला बसायला वेळ लागतो, एवढंच. माझं म्हणशील तर मी मस्त आहे. दुपारी जरा डोळा लागतो. चहा समोर येतो आणि मी बघेपर्यंत त्याच्यावर साय धरलेली असते. सकाळी डोकं जड असतं. पण मोकळ्या नाकाने झोपायचं सुख काय असतं, ते तुला नाही कळायचं.

छोटे, मी खूप दमून हे वजन उतरवलंय. मला आता कुणी काही तपासायला नको आहे. एवढं समजून घे.

मेहुण्यांना नमस्कार, माझी नक्कल बंद करायला सांग.
कळावे, लोभ ठेव, प्रश्न कमी कर.
तुझा
दादा


२ एप्रिल

चि. सौ. छोटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी पत्र लिहिते आहे म्हणजे तुला काळजी वाटेल, आणि ती वाटावी म्हणूनच लिहिते आहे. यांना सांगू नकोस.

यांनी मशीन बंद केलं तेव्हा मी खूश झाले होते. किती वर्षांनी खोली शांत! शिट्टी नाही, घरघर नाही, घोरणंही पूर्वीच्या पावपट. मीच यांना म्हटलं, अहो, आवाजच नाही तुमचा. त्या शांततेत मीही गाढ झोपले, म्हणून मला कळलं नाही. मागच्या महिन्यात सर्दी-खोकल्याने मी जागी होते, तेव्हा लक्ष दिलं. आवाज नसतो, कारण श्वासच नसतो. मी वाट बघते, बघते, हात लावायला जाते, तेवढ्यात हे बुडणाऱ्या माणसासारखे दचकून श्वास घेतात आणि कूस बदलतात. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सकाळी विचारलं तर म्हणतात, छान झोप झाली.

परवा कारखान्यात कटर चालवताना यांचा डोळा लागला. डाव्या हातात तो पोलादी जाळीचा हातमोजा असतो ना, त्याची दोन बोटं पात्याखाली गेली. जाळी फाटली, बोटं वाचली. मालकांनी हातमोजा हातात धरला, यांच्याकडे पाहिलं आणि कटर बंद केला. म्हणाले, मास्तर, तुमचा हात गेला तर मी तुमच्या घरी कुठल्या तोंडाने येऊ? डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय कटरला हात लावायचा नाही. आता हे गुंड्या मोजून पुड्या बांधतात. इतक्या वर्षांचा कटिंग मास्तर गुंड्या मोजतो, छोटे. घरी येऊन जेवायला बसतात. ताटात बघतात आणि उठतात.

मी म्हटलं, छोटीकडून मशीन मागवून घेऊ. तर म्हणाले, दिलेली वस्तू मागायची नाही, आणि तिला त्याचा उपयोग होतोय, तिचा घास काढून घेऊ का? डॉक्टरकडे चला म्हटलं तर खिडकीबाहेर बघत बसतात. यांना कशाची भीती आहे ते मला ठाऊक आहे. वजन उतरूनही आजार गेला नाही असं डॉक्टरने सांगितलं तर हे मोडून पडतील. आणि मी तरी किती रात्री यांचे श्वास मोजत बसू? मीही दमले गं.

तू काहीतरी कर. तुझं ऐकतात, कारण तू भांडतेस.
लोभ आहे, तो कामी येऊ दे.
तुझी
वहिनी


६ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं सगळं वाईटच. त्याहून वाईट हे, की ते मशीन महिनाभर कपाटावर पडून आहे. मला ते सोसलंच नाही. दादाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिले, तो माझ्यासाठी गप्प राहिला, आणि मशीन दोघांपैकी कुणाच्याच नाकावर नाही. असली भावंडं शोधून सापडायची नाहीत.

याच आठवड्यात मी स्वतः डॉक्टरकडे जाते, मशीन काखेत मारून. मग त्याला लिहिते. तुझं नाव येऊ देणार नाही. तोवर दुपारी तू झोपून घे. हुकूम समज.

लोभ असावाच, पण झोपही असावी.
तुझी
छोटी


१९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

या पत्रासोबत पार्सल आहे. खोकं तेच, दोरी नवी. उघडण्याआधी पत्र पूर्ण वाच, नाहीतर मी फोन करीन.

मी डॉक्टरकडे गेले. तारा चिकटवून झोपले. मलाही आहे, दादा, आपला हा श्वासाचा खेळ. तुझ्याइतका नाही, पण आहे. डॉक्टरीणबाईंना मी तुझं मशीन दाखवलं. त्यांनी ते चालू करून पाहिलं, पट्ट्यांवरची तुझी टीप पाहिली आणि विचारलं, हे कुणी शिवलं? मी अभिमानाने सांगितलं, दादाने. त्यावर त्यांनी मला असं झाडलं की बाहेर बसलेली माणसं आत बघायला लागली. यातल्या हवेचा दाब पाच वर्षांपूर्वीच्या तुझ्या गळ्यासाठी ठरवलेला होता. त्या जाड्या दादाच्या मापाची हवा मी पोटात भरत होते. एकाचा चष्मा दुसऱ्याने लावावा तसं आहे हे, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं नाही की आपण तेही केलेलं आहे. दोन वर्षं फळ्यावर मला नुसतं धुकं दिसायचं आणि मी समजायचे, मीच ढ आहे.

मग त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्याचं वजन उतरलं, त्याने मशीन सोडलं. कुणाला विचारून सोडलं? मी पट्ट्यावरची टीप चाचपत बसले. त्या म्हणाल्या, वजन उतरताना जुना दाब जास्त होतो, म्हणून पोट फुगतं, मास्क गळतो. तेव्हा दाब कमी करून घ्यायचा असतो, मास्क लहान घ्यायचा असतो, शिवत बसायचं नसतं. आणि घोरणं कमी झालं म्हणजे श्वास सुटला असं नाही. ते फक्त तपासणीतच कळतं. म्हणजे दादा, तुझा मास्क बसत नव्हता कारण तुला बरं वाटू लागलं होतं. तेवढ्यावर थांबून डॉक्टरकडे गेला असतास तर पुढचं काही झालं नसतं.

शेवटी त्यांनी माझी हनुवटी धरून डावी-उजवीकडे वळवली आणि विचारलं, ही आखूड हनुवटी कुणाची? मी म्हटलं, बाबांची. त्या म्हणाल्या, जबडा मागे असला की घशातली वाट मुळातच अरुंद असते, वजन त्यात भर घालतं. मग विचारलं, वडील कसे गेले? मी सांगितलं, दुपारी खुर्चीत डुलकी लागली होती. सांगताना मला ती खुर्चीच समोर दिसली. बाबा बोलता बोलता झोपायचे, हातातलं वर्तमानपत्र घसरायचं, आणि तू आणि मी त्यांच्या मांडीवर चमचे रचून ते कधी पडतात याची वाट बघायचो. किती हसायचो आपण! त्या म्हणाल्या, यावरून आज खात्रीने काही सांगता येणार नाही. पण भावाला घेऊन या.

तू काय लपवतोस ते मला विचारायचं नाही. सगळ्या बाह्या डाव्या कापणारा माणूस मस्त असतो, हे मला पटवू नकोस. मला तुझी भीती वाटते, दादा. तू पुढच्या वर्षी बाबांच्या वयाचा होशील.

आईचा नियम देणाऱ्याने परत मागू नये एवढाच होता. घेणाऱ्याने परत देऊ नये असं आई कधी म्हणाली नाही. म्हणून साभार परत. हे जसंच्या तसं नाकाला लावू नकोस. उचलून तुझ्या डॉक्टरकडे घेऊन जा, तपासणी कर, आणि ते जे सांगतील ते लिही. सगळी पानं जागेवर हवीत.

लोभ आहे म्हणूनच रागावले.
तुझी
छोटी


२४ मे

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

गेलो. तारा लावून घेतल्या. वहिनीने तुला काही लिहिलं होतं का, हे मी विचारत नाही, कारण दोघी खोटं बोलाल.

सकाळी डॉक्टरांनी समोर बसवलं. आजार आहे. अर्ध्याहून कमी झाला, पण आहे. मी विचारलं, चौतीस किलो कशासाठी उतरवले मग? ते म्हणाले, त्याचाच हा फायदा, रक्तदाब खाली आला, गुडघे सुटले, श्वास अडकणं निम्म्याखाली आलं. उरलेलं जबड्याचं आहे, ते चालून उतरणार नाही. ते चांगलं बोलत होते, पण मला काही ऐकू येईना. बाहेर बाकावर येऊन बसलो आणि रडलो. वहिनीने हात धरला, तीही रडली. लोकांना वाटलं असेल, काहीतरी भयंकर निघालं. फार दमलो होतो, छोटे. डोंगर चढून वर जावं आणि वर पाटी असावी, 'पुढे चला', तसं झालं.

मशीन तेच आहे. दाब जवळजवळ निम्मा केला. मास्क नवा, लहान, फक्त नाकपुड्यांना टेकणारा. पट्ट्यांना सुई लावायची नाही असं डॉक्टरांनी माझ्याकडून वदवून घेतलं. वजन अजून उतरलं किंवा पुन्हा चढलं, दोन्ही वेळी आधी त्यांच्याकडे जायचं. पुढेमागे गरज उरली नाही तर ते सांगतील, मी ठरवायचं नाही. पहिला आठवडा कंटाळा आला. मग एके दिवशी कारखान्यात चहा आला आणि मी तो गरम प्यायलो. मालकांनी पाहिलं. डॉक्टरचा कागद त्यांच्याकडे दिलाच होता. सोमवारी त्यांनी नवा हातमोजा टेबलावर आणून ठेवला आणि काही न बोलता गेले. उजव्या बाह्या कापल्या सगळ्या. डाव्या होत्याच.

आता एक सांगतो, तेवढ्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो. परवा सकाळी दाढी करत होतो. गाल उतरल्यापासून मी आरशात फारसा बघत नव्हतो, नुसता फेस बघायचो. तुझ्या पत्रातल्या त्या हनुवटीमुळे जरा निरखून पाहिलं. छोटे, आरशात बाबा होते. इतकी वर्षं ते माझ्या चरबीखाली होते आणि मला पत्ता नव्हता. लोक मला आईसारखा म्हणायचे ते त्या गालांमुळे. चौतीस किलो उतरले आणि खालून बाबा निघाले, तीच आखूड हनुवटी घेऊन. माझी दप्तरं, बूट, चष्मा तुझ्याकडे आले. ही एकच वस्तू आपल्या दोघांना एकदम मिळाली आणि ती कुणालाच परत देता येत नाही.

तुझंही मशीन आलं असेल. तुझ्या मापाचं. लावत जा. मी फोनवर विचारणार नाही, भांडण होईल. पण पत्रात लिहीत जा, नळीला शिव्या घातल्यास तरी चालेल.

बाबांच्या मांडीवर चमचे मीही रचले. तेव्हा त्यांचा श्वास अडकतोय हे कुणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी त्यांच्या नाकाला लावायला तेव्हा काही नव्हतं. आज आहे. म्हणून मी आता मास्क लावतो तेव्हा चिडत नाही. नळी जोडतो, पट्टा कानामागून घेतो आणि मनातल्या मनात म्हणतो, झोपा बाबा, आता नीट झोपा.

कळावे. लोभ असू दे, श्वास आहे तोवर, आणि तो बराच असेल असं दिसतंय.
तुझा
दादा

ता. क. ही ओळ वहिनीची आहे. हे आतल्या खोलीत झोपलेत. मी मोजत नाही.